सुजाताच्या वाफ्यात गेलेली सावड

३ नोव्हें., सोम.
वरच्या खाचराचं भात कापून झालं. कंबर माझी का दुसऱ्याची, कळेना. तरी ऊन कलल्यावर मळ्यात गेले. घरात बसून सुनेच्या मोबाईलची गाणी कोण ऐकणार.

मळा म्हणजे ओढ्याकाठची पडीक. लोणावळ्याच्या मीराताईंनी तिथं वाफे पाडून दिलेत, मागेल त्याला एक. जात विचारायची नाही, वय विचारायचं नाही, औषध मारायचं नाही. माझ्यात पावटा, मेथी, लसूण. एक काडी फालतू नाही. शेजारचा वाफा विमलच्या सुजाताचा. वाफा म्हणावा की उकिरडा. रुई, खुळखुळा, आघाडा, टाकळा. ना पेरलेलं ना राखलेलं. मधोमध पालथ्या घमेल्यावर ही बसलेली.

"काय पिकवतीस गं?"

"अळ्या."

कपाळावर हात मारला.

"आजी, जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतीय त्यांच्यावर."

माझी सावली! आमच्या गावात सावलीचं बोलणं पूर्वी उलट्या बाजूनं व्हायचं. झाले बाजूला.

४ नोव्हें., मंगळ.
विमल भेटली नळावर. कंपनीच्या कॅन्टीनला जाते, सकाळची पाळी. पोरीचं विचारलं. चाकणला नोकरीला होती, तिथनं आली ती भिंतीकडं तोंड करून निजली. पावसाळा गेला निजण्यात. डोक्याची गोळी चालू आहे.

"आक्का, वाफ्यात येती म्हनून जेवती. ज्या दिशी न्हाई आली त्या दिशी ताट तसंच."

मी म्हटलं, अळ्यांनी का होईना, जेवू दे.

७ नोव्हें., शुक्र.
दुपारी मळ्यातल्या करंजाखाली डोळा लागला. स्वप्नात भाताचे भारे आपापल्या पायांनी खळ्याकडं चाललेत, रांगेनं, बाया बाजाराला जातात तसे. मी मागं ओरडतेय, अरे दोरी तरी बांधून घ्या. एक भारा वळून म्हणाला, आम्हाला वाट माहीत आहे.

जागी झाले तर बबन हसतोय. त्याचा एक पाय मशीननं नेला, तो चाकाच्या खुर्चीवर. त्याचा वाफा विटा रचून उंच केलाय.

"आजी, झोपेत कुनाला दोरी बांधत होता? घरच्या आबांना का?"

"तुझ्या जिभेला. उंच वाफा झाला म्हनून उंच बोलू नको."

सु. आज हसली. आवाज न करता. दात चांगले आहेत पोरीचे.

१० नोव्हें., सोम.
आज जाऊबाईच्या, हौसाच्या शेतावर सावड. आज तुझ्यात, उद्या माझ्यात, मजुरी नाही, भाकर ज्याची त्याची. सगळ्या बाया मिळून चालल्या की रान बघता बघता मोकळं. सूर्य डोक्यावर यायच्या आत कापणी उरकली. हात गरम होते, विळे हातात होते. घरी कोण जातं.

विमल पोरीला घेऊन पुण्याला डॉक्टरकडं गेलेली. मी म्हटलं, चला, त्या पोरीचा वाफा साफ करून टाकू. दवाखान्यातनं येईल तर तिला बरं वाटंल.

हौसा थांबली. "त्यांच्यात? आपली सावड कंदी गेलीय त्यांच्यात?"

"आज जाईल. पाय मोडलेत का तुझे?"

गेली. पहिल्यांदा गेली. बांधावरनं पलीकडं जाताना हौसानं लुगडं उचलून धरलं, चिखल नव्हता तरी. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग एकदा हात लागल्यावर काही नाही, सगळं गवत सारखंच. मुळासकट उपटलं. रुईचा चीक अंगठ्याला चिकटला. खुळखुळ्याच्या वाळल्या शेंगा वाजत होत्या, हौसा म्हणाली, पाळण्यातल्या पोराचं खेळणं. सगळं बांधावर ढीग घातलं. सुकलं की जाळायचं, राख वाफ्यात मिसळायची. काळी माती उघडी पडली, हातानं सारवल्यासारखी. कडेची कण्हेर तेवढी ठेवली, देवाला फूल होतं.

घरी येताना सगळ्या गप्प होत्या, पण चांगल्या गप्प. रेल्वेच्या फाटकापाशी विमलच्या वस्तीतली एक म्हातारी उभी होती. तिनं आमच्या विळ्यांकडं बघितलं, मग आम्ही आलो त्या वाटेकडं. मी ताठ चालले.

११ नोव्हें., मंगळ.
सु. आली. वाफ्याच्या कडेला उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, मग बोलेल.

"रुई कुठंय?"

ढिगाकडं बोट दाखवलं. गेली, वरचं वरचं उचकलं, खाली बसली, पुन्हा उठली. पानं चुरगळलेली. काही सापडलं नसावं. माझ्याकडं बघितलंही नाही. घमेलं उचलून जागेवर पालथं ठेवलं आणि गेली.

विमल मागनं आली. "लय उपकार झाले, आक्का." डोळे रेल्वेच्या खांबाकडं.

गवत काढलं तर एवढं काय. उद्या येईल.

१३ नोव्हें., गुरु.
नाही आली.

मीराताई आल्या. त्या रागावत नाहीत, आवाज आणखी हळू करतात. ते जास्त लागतं.

"आजी, विचारायचं तरी होतं."

"सावड काय इचारून येती व्हय? पान्यात पडलेल्याला इचारता का, काढू का म्हनून?"

"ती पाण्यात नव्हती, आजी. काठावर बसली होती. आपण पाणीच काढून टाकलं."

काय बोलायचं यांच्याशी. मेथी खुडली. मोकळा वाफा बाजूला पडलेला. त्याच्याकडं पाठ करून खुडली, मान अवघडली.

१५ नोव्हें., शनि.
धुकं. सकाळी फाटकाच्या पलीकडचं काही दिसत नाही. गाडी येते ती आवाजानंच, आणि आवाज संपला की वाटतं, आलीच नव्हती.

विमल दारात आली. आत ये म्हटलं, नाही आली. उंबऱ्याबाहेरच बोलली. पोरगी उठत नाही. पेज केली, तोंड फिरवलं. गोळी हातात धरून बसते, मग उशीखाली ठेवते.

"मग मला बोलायचं नाही का त्या दिशीच? शिव्या घालायच्या."

ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "आक्का, माझी आई लावनीच्या टायमाला बांधावर उभी ऱ्हायाची. समद्या गावाची सावड पुढनं जायाची, गानी म्हनत. आमच्या तुकड्यापाशी गानं थांबायचं न्हाई, मानसं थांबायची न्हाईत. म्हनायची, एक दीस येतील. आता आली, तर मी कोनत्या तोंडानं म्हनू, का आलात?"

आणि गेली. धुक्यात दोन पावलांवर नाहीशी झाली. मी तिथंच उभी, हातात राखुंडी. दात घासायचे राहिले.

१६ नोव्हें., रवि.
झोप नीट नाही. पहाटे स्वप्न. विमलची आई बांधावर उभी. तिला मी कधी नीट बघितलेलं नाही, तरी ओळखली. मी हाक मारते, या म्हणते, आणि माझा आवाज खुळखुळ्यासारखा वाजतो. शेंगेत दाणे, बोल एकही नाही.

पित्त झालं असेल. रात्री पावट्याचं कालवण जास्त खाल्लं.

१८ नोव्हें., मंगळ.
ढीग सुकला असेल, जाळून टाकू, डोळ्यासमोर तरी नको, म्हणून सकाळीच निघाले. हौसाला घेतली, काडीपेटी तिच्याकडं. धुकं असं की आपलाच हात आपल्याला पाहुणा.

बांधापाशी गेलो आणि ढीग हलला.

हौसा म्हणाली, "आक्का, साप."

साप नव्हता. सगळा ढीगच श्वास घेतल्यासारखा. वर येतोय, खाली बसतोय. जवळ गेले. फुलपाखरं. वाळल्या खुळखुळ्याच्या काडीकाडीला लोंबलेली, पंख मिटून, सुकल्या पानांसारखी. काळी, त्यावर निळसर पांढरे ठिपके. काही नुसती तपकिरी, पांढऱ्या काठाची. आमच्या पावलांनी वरची उठली, धुक्यात गेली, आणि आवाज, आवाज म्हणजे आवाज नाहीच, कानाशी कुणी पातळ कापड झटकल्यासारखं. एक हौसाच्या कपाळाला बसलं. ती हात जोडून उभी. एरवी देवळातसुद्धा तिची टकळी बंद नसते.

काय खात होती त्या वाळक्यात, कुणास ठाऊक. फूल नाही, मध नाही. सोंड लावून काडीच चाटत होती.

किती वेळ गेला कळलं नाही. ऊन आलं, धुकं पिवळं झालं, मग नव्हतंच. ती तिथंच.

"पेटवायचं?" हौसा हळूच.

"पेटी दे इकडं." घेतली आणि कमरेला खोचली.

बबन आला, त्यानं फोनमधे धरून ठेवलं सगळं. फोनमधे पाहिलं तर नुसतं वाळलं गवत.

१९ नोव्हें., बुध.
वस्तीत गेले, विमलच्या घरी. विमल कामावर. पोरगी आतल्या खोलीत, दार लोटलेलं. मी ओट्यावर बसले आणि दाराशी बोलले. म्हैस आडवी बसली की आपण तिच्यापाशी बसतो, तसं.

"ए पोरी, तुझ्यावर सावड चढलीय. फेडायला कवा येतीस?"

आतनं, "मी बोलावली नव्हती."

"कुनी बोलावून येत न्हाई ती."

"मग बोलावून फेडत पण न्हाईत."

जीभ आहे. मला बरं वाटलं.

फुलपाखरांचं सांगितलं. ढीग कसा हलत होता ते. म्हणाली, "खुळखुळा तुटला, सुकला, की येतात. मला म्हाईताय." आवाजात काहीच नव्हतं. मला वाटलं होतं उठून बसेल.

मग विचारलं, "रुईवर माझ्या अळ्या होत्या. पट्ट्याच्या. त्या कुठं टाकल्या?"

थाप मारता आली असती. कण्हेरीवर सोडल्या म्हणायचं, काय बिघडलं असतं. लहान पोराला नाही का, चिमणीनं नेलं म्हणतो.

"मेल्या," मी म्हटलं. "आमच्या हातानं. दिसल्याच न्हाईत मला. मला गवतच दिसलं."

उठून आले. चप्पल घालताना बघितलं, तिच्या चपला दारात, त्यांवर धूळ बसलेली.

२० नोव्हें., गुरु.
नाही आली.

२१ नोव्हें., शुक्र.
नाही. फुलपाखरं आहेत अजून, कमी. मीराताईंनी शाळेची पोरं आणली होती बघायला, मी लांबूनच पिटाळली. हात लावतील. मीराताई माझ्याकडं बघत राहिल्या. बघू देत.

२२ नोव्हें., शनि.
आली!

धुक्यातनं आधी शाल दिसली, मग ती. ढिगापाशी उभी राहिली. एकानं तिच्या मनगटावर येऊन सोंड लावली. घाम चाटतंय म्हणाली. मला नाही सांगितलं, तशीच म्हणाली. मी लसूण खुरपत होते, मान वर केली नाही. उगाच बुजायची.

मग वाफ्यात आली, कडेनं फिरली. कण्हेरीपाशी वाकली.

"एक हाय हितं."

गेले. पानाखाली अळी. पिवळट, तांबूस, अंगावर काळी शिंगं. दुसऱ्या जातीची, म्हणाली. मला सगळ्या सारख्याच. दिसली मात्र. सांगितल्यावर दिसली.

मी म्हटलं, "बरं, आता सावडीचं बोल. माझ्यात निंदायला येतीस का?"

"न्हाई. तुमी या माझ्यात."

"पुन्हा? काय काढायचं राहिलंय?"

"काढायचं न्हाई काही. माझं काम बघत बसायचं असतं. त्या दिशी तुमी तुमचं काम केलं माझ्या वाफ्यात. माझं करा."

माणसानं उलट बोलावं ते असं, हळू.

२५ नोव्हें., मंगळ.
बसले. पालथ्या घमेल्यावर ती, विटेवर मी.

बसणं हे काम नाही असं मी जन्मभर समजत आले, आणि खोटं नव्हतं ते. पण सोपंही नाही. हात वळवळतात. समोर हरळीचं एक पातं आलेलं, एक, आणि माझा जीव त्यात. हात मांडीखाली दाबून धरले.

बबन खुर्ची ढकलत आला. "आजीला कोनती शिक्षा झाली?"

"तोंड मिट. अळीला सावली पडतीय तुझी."

सु. परत हसली.

अळी पानाखाली उलटी टांगलेली, वाकडी, खुंटीवरच्या विळ्यासारखी. बघता बघता कातडं फाटलं, आतनं हिरवट ओलं काहीतरी वळवळलं. मी तोंड फिरवणार होते. सु. म्हणाली, बघा. बघितलं. बाळंतपणं कमी केली नाहीत मी, हे निराळं. कुणी ओरडत नाही.

२७ नोव्हें., गुरु.
चांदी झाली त्याची! खोटं नाही. कोश म्हणते ती त्याला. जोडव्यासारखा चकचकीत, त्यात सगळा मळा वाकडा दिसतो. करंज, बबनची खुर्ची, आभाळ. मी वाकले तर मी पण, जिऱ्याएवढी. एवढीशी बाई आणि कपाळावर आठी.

सु.नं घरनं भाकरी आणली होती. अर्धी खाल्ली. अर्धी मला. मी घेतली. हौसा पलीकडनं बघत होती. मग तिनं लसणाची चटणी आणून दिली, म्हणाली, कोरडी कशी खाता.

१ डिसें., सोम.
तीन दिवस सु. नाही.

मला वाटलं होतं, झालं सगळं नीट. विमल म्हणाली, "आक्का, हे असंच असतंय. डाक्टर म्हनले, वर खाली व्हायाचं." पण तिचं तोंड पाण्यात भिजलेल्या वाकळीसारखं जड. तिला सहा तारखेला दादरला जायचंय, दरवर्षी जाते, आई न्यायची तिला. या वर्षी नको म्हणते. पोरीला एकटी कशी ठेवू.

"मी बसते तिच्यापाशी. बसायला शिकलेय आता."

माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्यात दिवसभर?"

"तुझ्यात चहा नसतो का?"

ढिगावर आता एकही नाही. दव पडून काड्या कुजल्या. गेली कुठं, विचारायला सु. नाही.

६ डिसें., शनि.
विमल पांढरी साडी नेसून पहाटेच्या गाडीनं गेली. मी दिवसभर तिच्या घरी.

पोरगी निजून. मी तांदूळ निवडले, खडा एक नव्हता, तरी निवडले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार, शेजारी बुद्धाची मूर्ती डोळे मिटून. दुपारी मी पण तशीच मिटली. डोळा लागला तर स्वप्नात मी कोशाच्या आत. गरम नाही, गार नाही. बाहेर कुणीतरी बसलंय एवढं कळतंय. कोण ते दिसत नाही. बाहेर यावं असंही नाही, राहावं असंही नाही. हे असं वाटतं का हिला?

जागी झाले तर सु. उठून बसलेली, माझ्याकडं बघत.

"आजी, तुमी घोरता."

"तुझी आई रडती. माझं घोरनं बरं."

कालवण केलं. मीठ जास्त पडलं, परक्या डब्यात अंदाज नाही येत. दोन घास खाल्ले तिनं. तिसरा हातात धरून विचारलं, "कोश कसाय?"

"चांदीचाच अजून."

"काळा पडला की सांगा. काळा पडला की दुसऱ्या दिशी बाहेर येतं. सकाळचं."

घास खाल्ला का ठेवला, बघितलं नाही. मुद्दाम.

८ डिसें., सोम.
संध्याकाळी कोश काळा. आधी वाटलं मेलं. मग जवळ जाऊन बघितलं, आत पंख मिटलेला दिसतोय, पांढऱ्या ठिपक्यांची कड. काच झालीय वरची.

विमलकडं गेले. पोरगी भिंतीकडं तोंड करून. पाठीला सांगितलं, "काळं पडलंय. उद्या सकाळी." पाठ हलली नाही.

विमल माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली.

९ डिसें., मंगळ.
हितंच लिहितेय, विटेवर बसून. धुकं आहे. वही ओली होतेय, अक्षर फुटतंय.

उजाडायच्या आधी आले. हौसा पण आली, कुणी बोलावली नव्हती. बबन आलाय, मीराताईंनी पहिली गाडी धरलीय म्हणाला. ओढ्याचा आवाज तेवढा, आणि कुठंतरी भारद्वाज घुमतोय, खोल, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

सु. नाही.

बबननं विमलला फोन लावला. कानाला धरून आम्हाला सांगतोय, "उठून बसलीय म्हनतात." मग, "पानी प्याली." मग बराच वेळ काही नाही. मग, "दारात उभी हाय. चपला घातल्यात का न्हाई ते अंधारात कळंना त्यांना."

हौसा म्हणाली, मी जाऊन घेऊन येऊ का. मी म्हटलं, बस.

बसली.

वाटेकडं बघितलं. धुकंच. माणूस असलं तरी दिसायचं नाही, नसलं तरी.

इकडं पानाखाली टरफल हललं. खालनं चीर गेली, केसासारखी.

मी त्याला म्हटलं, थांब मेल्या जरा. एवढी काय घाई.